तापीचा पूर येतो कोठून?

सुरतेत पूर आला म्हणजे तेथे मुसळधार पाऊस झाला असणार, असे आपण समजतो. तापीच्या बाबतीत हे बहुधा खरे नसते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी ही नदी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे. खानदेशातला पाऊस सुरतेच्या घरांत शिरतो. आणि तेथील मागांवर राबणारे कितीतरी कामगारही खानदेशचेच!

बंगालच्या उपसागरातून येणारी वादळे पश्चिमेकडे सरकतात, तापीही तिकडेच वाहते. त्यामुळे वरचे पाणी खाली पोचते तोच खालीही पाऊस कोसळू लागतो. त्यात समुद्राला भरती असली की पाण्याला वाटच उरत नाही.

वाटेत १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला येथे शिलकेचा प्रश्न दिसतो. कालव्यांना व वीजघराला धरण भरलेले हवे, पुरासाठी ते रिकामे हवे. ऑगस्ट २००६ मध्ये धरणात साठा मोठा होता, वरून लोंढा आला आणि सुमारे नऊ लाख क्यूसेक पाणी सोडावे लागले. आलेल्या लोंढ्यापेक्षा हे कमीच. तरी अडाजण-रांदेरसह शहराचा बहुतेक भाग बुडाला. आलमट्टीचा वाद दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या आपणांस हे ओळखीचे वाटेल. माझ्या मते धरणात किती जागा मोकळी ठेवणार, हा आकडा शहराला जुलैतच कळावा. बऱ्हाणपूरला पाऊस सुरू झाल्यावर तो ठरवून काय उपयोग?