घोड्याचा विश्वास

मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यावरून गस्त घालणारा पोलीस शिपाई ही एके काळी नित्याची गोष्ट होती. पुढे शहरात मोटारींची वर्दळ वाढली आणि १९३२ साली पोलिसांचे हे अश्वदळ मोडण्यात आले. त्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, २०२० सालच्या जानेवारीत, ते पुन्हा उभे करण्याचे ठरले. घोड्यावर बसलेल्या शिपायाला गर्दीवरून दूरवर पाहता येते आणि गर्दीलाही तो दुरून दिसतो. सभा, मिरवणुका, समुद्रकिनारे अशा ठिकाणी त्याचा उपयोग होईल, असा त्यामागील विचार होता. तीस घोडे घ्यावयाचे आणि अंधेरीजवळ मरोळ येथे अडीच एकर जागेवर त्यांच्यासाठी पागा बांधावयाची, अशी योजना आखण्यात आली. घोड्यांना पोहण्यासाठी तलाव आणि लोळण्यासाठी वाळूचे मैदान असावे, हेही त्या योजनेत होते. वाळूत लोळणे हा घोड्याचा केवळ खेळ नव्हे. अंगाची खाज आणि सुटलेले केस तो त्या रीतीने घालवितो.

घोडे विकत घेता येतात, पागा बांधता येते, गणवेश शिवून घेता येतात. परंतु मरोळसारख्या ठिकाणी घोड्याला शांतपणे उभे करणे हे पैशाने होणारे काम नव्हे. तेथून विमानतळ जवळ आहे. २०१४ सालापासून वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो गाडी मरोळ नाक्यावरून धावते. रिक्षांचे भोंगे, बसगाड्यांचे करकरणारे ब्रेक, पावसाळ्यात एकदम उघडणाऱ्या छत्र्या, भाद्रपदातील ढोल-ताशे आणि फटाके यांची तर गणतीच नाही. माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. घोड्याला मात्र त्यात मृत्यूची चाहूल लागू शकते. चारशे-पाचशे किलो वजनाचे हे जनावर भर गर्दीत बिथरले, तर पाठीवरचा शिपाई, पायांखाली सापडणारी माणसे आणि डांबरावर घसरून पडणारा तो घोडा, या सर्वांच्याच जिवाशी गाठ असते.

घोडा इतका भित्रा का, असे कोणी विचारील. वास्तविक त्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे. घोडा हा मोकळ्या माळावर कळपाने राहणारा, गवत खाणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत. लांडगा किंवा वाघ दिसला की आधी पळावयाचे आणि सुरक्षित अंतरावर गेल्यावर मागे वळून पाहावयाचे, याच शहाणपणाने त्याचे पूर्वज जगले. जे पाहत उभे राहिले, त्यांची शिंगरे मागे उरली नाहीत. घोड्याचे सारे शरीर या एका कामासाठी घडले आहे. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ सर्व दिशांचे त्याला एकाच वेळी दिसते; केवळ कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणून जाणता माणूस कधीही मागून घोड्याजवळ जात नाही. तो खांद्याच्या बाजूने, तोंडाने काही तरी बोलत जातो. घोड्याचे कान स्वतंत्रपणे वळतात. त्याची कातडी इतकी जागी असते, की पाठीवर माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरते. तो उभ्या उभ्या डुलकी घेतो, कारण उठून पळण्यात वेळ जाता कामा नये.

अशा प्राण्याच्या पाठीवर माणूस बसतो. पाठीवर उडी घेऊन बसणारे दुसरे जनावर घोड्याच्या रक्ताला एकच ठाऊक आहे, ते म्हणजे वाघासारखे हिंस्र श्वापद! घोडा माणसाला पाठीवर घेतो हेच मुळी नवल आहे.

हे नवल घडवून आणण्याचे दोन मार्ग पूर्वीपासून चालत आलेले आहेत. एक बळाचा. घोड्याला दोरांनी जखडावयाचे, थकेपर्यंत पळवावयाचे, झटापट सोडून तो गप्प उभा राहीपर्यंत मारावयाचे. असा घोडा काम करतो. पण तो आज्ञा ऐकतो ती भीतीपोटी, आणि चाबकापेक्षा मोठी भीती समोर आली की तो चाबूक विसरतो. शिवाय साठ-सत्तर किलोचा माणूस घोड्याशी बळाने किती काळ झगडणार? काटेरी लगामासारखी साधने याच मार्गातून निघाली. भारत सरकारच्या १९६५ सालच्या नियमांनी जनावरांना आवरण्यासाठी काटेरी लगाम वापरण्यास मनाई केली आहे.

मुंबईने कामकरी घोडे पुष्कळ पाहिले. ९ मे १८७४ रोजी या शहरात ट्रामगाड्या सुरू झाल्या, त्या घोडेच ओढीत. ती घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या तर त्यानंतरही शतकभर धावल्या. गाडीच्या घोड्याच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झापडे लावीत, म्हणजे बाजूचे काही दिसू नये आणि घोडा बुजू नये. झापडांनी भीती झाकली जाते, जात नाही. कठीण डांबरावर दिवसभर धावणारे खूर, कोंदट तबेले आणि अपुरी देखभाल यांविषयीच्या तक्रारी अखेर न्यायालयात गेल्या आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. या धंद्यावर पोट असलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन करण्यासही त्याने सरकारला फर्माविले, हे योग्यच झाले. घोडा आणि गाडीवान एकाच तोबऱ्यावर जगत होते.

दुसरा मार्ग ओळखीचा. इंग्रजी मुलखात त्याला अलीकडे ‘नैसर्गिक अश्वविद्या’ या अर्थाचे नाव पडले आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील टॉम डोरन्स आणि रे हंट या गुराख्यांनी या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. परंतु तिचे मूळ फार जुने आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला आणि घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे त्यात बजाविले. आपल्याकडेही घोडे फेरून तयार करणाऱ्या माणसाला चाबूकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी त्यांतील जाणत्यांचा खरा भरवसा हातावर आणि आवाजावर असे.

या पद्धतीत पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ काहीच करीत नाही. कुंपण घातलेल्या मैदानात नवा घोडा मोकळा सोडतात आणि शिकविणारा तेथे नुसता उभा राहतो. घोडा लांबच्या टोकाला जाऊन फुरफुरतो, मान उंच करतो, कान टवकारतो. शिकविणारा दोन पावले पुढे टाकतो. घोड्याचे अंग ताठ होताच तो थांबतो आणि घोड्याने त्याच्याकडे तोंड वळविले की तो स्वतःच मागे सरतो. घोड्याला हे अगदी नवे असते. वाघ कधी मागे सरत नाही! असे अनेकदा झाले म्हणजे घोड्याची मान हळूहळू खाली येते, तो ओठ चाटतो, जबडा हलवितो आणि अखेरीस कुतूहलाने एक पाऊल माणसाकडे टाकतो. यास कधी एक तास लागतो, कधी आठवडा. घाई करणाऱ्याला अधिक दिवस लागतात, असा घोडेवाल्यांचा अनुभव आहे.

मग स्पर्श. तोंडावर थोपटणे घोड्यांना फारसे आवडत नाही. मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर दोन मित्र घोडे एकमेकांना दातांनी खाजवितात. माणसाने तेथे बोटांनी खाजविले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे संशोधकांनी मोजून पाहिले आहे. तेथून हात मानेकडे, पोटाकडे, पायांकडे जातो. घोडा अंग चोरू लागला तर हात त्याच जागी थांबतो आणि तो स्थिर झाला की मगच उचलला जातो.

यापुढील धडा या विद्येचा गाभा होय. शिकविणारा घोड्याच्या खांद्यावर एका बोटाने हलकेच दाबतो. घोडा काही करीत नाही. तो दाब किंचित वाढवितो आणि तसाच ठेवतो. घोडा कंटाळून अर्धे पाऊल बाजूला सरतो. त्याच क्षणी बोट दूर झाले पाहिजे! घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, दाब सुटल्यामुळे. ‘तू केलेस ते बरोबर’ एवढे उत्तर त्याला त्या सुटण्यातून मिळते. बोट उशिरा निघाले, तर सरून काही उपयोग नाही असे घोडा शिकतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावावा लागतो. बहुतेक अडेल घोडे असेच घडलेले असतात. ओढणारा हात कधी सैल झालाच नाही. लगाम, टाच, स्वाराच्या मांडीचा दाब हे सारे पुढे याच रीतीने शिकविले जाते. चांगल्या स्वाराचा घोडा वळतो, तेव्हा पाहणाऱ्याला त्याने काय केले हे दिसतही नाही.

घोड्याला मात्र दिसते. इसवी सन १९०४ च्या सुमारास जर्मनीतील बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचा मालक त्याला बेरीज-वजाबाकी विचारी आणि हान्स खूर आपटून उत्तर देई. उत्तर बरोबर येई! ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने बारकाईने तपास केला, तेव्हा १९०७ साली उलगडा झाला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले, तर हान्सचेही उत्तर चुके. खूर बरोबर आकड्यावर आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याची मान केसभर हले आणि हान्स ते पाहून थांबे. हान्सला गणित येत नव्हते, म्हणून लोक निराश झाले. घोडेस्वारांनी निराश होण्याचे कारण नव्हते. मनात घाबरलेला शिपाई चेहरा कितीही करारी ठेवो, त्याचा आखडलेला श्वास आणि आवळलेली मांडी पाठीवरून घोड्याला सारे सांगून टाकते. म्हणून स्वाराला आधी स्वतःला शांत व्हावे लागते.

शहरातील घोड्याच्या शिक्षणात सर्वांत अवघड भाग येतो तो यानंतर. मोठे ढोल आधी मैदानाच्या पलीकडे, अगदी हळू वाजवितात. घोडा चरत राहिला तर दुसऱ्या दिवशी थोडे जवळ. फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी काठीला बांधून घोड्याच्या दिशेने आणीत नाहीत. उलट ती घेऊन माणूस घोड्यापुढे चालतो आणि घोडा मागून येतो. पळून जाणाऱ्या वस्तूची भीती वाटत नाही! छत्री डाव्या बाजूने दाखविली म्हणजे झाले नाही. उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून दाखवावी लागते. शेजारी एखादा वयस्क, मुरलेला घोडा उभा करतात. कळपातील वडीलधारा शांत आहे, हे पाहूनच नवख्याचा निम्मा धीर वाढतो.

हे सारे होत असता चंदी-वैरण, पाणी, खरारा यांत एक दिवसाचाही खंड पडता कामा नये. शिवछत्रपतींच्या घोडदळाची एक छावणी चिपळूणजवळ होती. तेथील अधिकाऱ्यांना धाडलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. दाणागोटा आणि वैरण आताच उधळून संपविली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशा आशयाची कडक समज त्यात दिली आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या घोड्यांनी स्वारांना साथ दिली, त्यांच्या पोटाची चिंता राजा स्वतः वाहत होता.

घोडा गर्दीत किती निश्चिंत राहू शकतो, हे महाराष्ट्र दर वर्षी पाहतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला दोन अश्व जातात. ते बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांकडून येतात. वाटेत मोठ्या मैदानावर गोल रिंगण धरतात. हजारो वारकरी दाटीने उभे असतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, पताका फडकत असतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी श्रद्धा आहे. हा मोकळा अश्व माणसांच्या त्या कड्यामधून चौखूर धावतो. त्याला फटका मारणारे कोणी पाठीवर नसते. तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी लोक वाकतात.

पागेत मात्र रपेटीनंतरचे काम साधे असते. स्वार खोगीर उतरवितो, घामाने भिजलेली पाठ पुसतो, मग खांद्याशी वाकून पायावरून हात खाली नेतो. पळण्यासाठी जन्मलेला हा प्राणी तीन पायांवर तोल सावरतो आणि चौथा पाय माणसाच्या हाती देतो. आकड्याने खुरातील चिखल आणि अडकलेला खडा काढला जातो. स्वार तो पाय टाकून देत नाही, अलगद जमिनीवर टेकवितो आणि दुसऱ्या पायाकडे वळतो.