एफओबी की एफसीए?

प्रश्न : सोयापेंडीच्या निर्यात-करारातील एफओबी, सीआयएफ आणि डेमरेज यांचा अर्थ काय? (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते, सीआयएफमध्ये समुद्रभाडे व विमा विक्रेता भरतो, तरी जोखीम मात्र माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते, आणि नेमके हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. पिथमपूरजवळच्या तिही येथील कोरड्या बंदरातून न्हावा शेव्याला कंटेनर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने एफओबी स्वीकारल्यास वाटेतले नुकसानही त्याच्याच माथी येते. म्हणून ‘इन्कोटर्म्स २०२०’ या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींच्या नियमावलीच्या दृष्टीने कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या स्वाधीन होताच विक्रेत्याची जोखीम संपवणारी अट, अधिक योग्य ठरते. डेमरेज म्हणजे भाड्याने घेतलेल्या जहाजावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठरलेला अवधी, अर्थात लेटाइम, उलटल्याबद्दल जहाजमालकाला द्यावी लागणारी रक्कम.