धूळ जन्मते तिथेच धर

अगं, कार्बन फायबर कापायचा सीएनसी राउटर आला, पेढे वाटून झाले, ड्रोनच्या प्लेट्सची पहिली ऑर्डरही मिळाली, सगळं छान. पण परवा फोनवर सहज म्हणालीस, "ताई, कार्बनची धूळ काही टोचत नाही गं, संध्याकाळी झाडून टाकतो." तेव्हापासून हे बोलायचं मनात आहे. टोचणाऱ्या धुळीपासून माणूस आपोआप सावध राहतो, न टोचणारीच जास्त लबाड.

कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड, आपला केस साधारण ७०. कटर त्या तंतूचे तुकडे करतो, वर भोवतीच्या इपॉक्सीचीही पूड पाडतो. टेबलावर दिसते ती जाड पूड. खरी बारीक आहे ती दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि थेट छातीत उतरते. तू झाडू फिरवलास की खाली बसलेलीही पुन्हा वर उठते.

शिवाय कार्बनमधून वीज वाहते, हे विसरू नकोस. राउटरच्या कंट्रोल पॅनेलच्या पंख्यातून पूड आत गेली की ड्राइव्हच्या कार्डावर बसते आणि एक दिवस मशीन कारण नसताना बंद पडतं. मेकॅनिक येतो, कार्ड बदलतो, बिल हातात ठेवतो. पूड जागच्या जागी. म्हणून पॅनेल राउटरला खेटून ठेवू नकोस. दाराला रबरी पट्टी लाव, पंख्याच्या तोंडावर फिल्टर बसव. लॅपटॉप तर त्या टेबलाच्या आसपासही नको. एफआर-४ किंवा ग्लास फायबर असेल तर विजेची भीती नाही, पण खाज अशी सुटते की रात्रीची झोप उडते.

आता शेजारच्या गाळ्यातले काका. "कूलंट सोड, धूळ बसेल" म्हणाले ना? बसते, खोटं नाही. पण त्यांचा जन्म लोखंडात गेलाय. लोखंडाची चिप जड, टाकीत तळाला जाते. कार्बनची पूड हलकी, ती बसायच्या आत पंप तिला उचलतो आणि पुन्हा जॉबवर ओततो. तेच काळं पाणी स्लाइडच्या वायपरखाली शिरलं की पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. तुझ्या राउटरचा बेड एमडीएफचा, तो पाणी पिऊन फुगणार आणि जॉबची जाडी रोज वेगळी येणार. ओल्यात कार्बन ॲल्युमिनियमला टेकून राहिला तर ॲल्युमिनियम गंजतं, तेही आहेच. आणि तेलकट कूलंटचा थर राहिलेली प्लेट पुढे चिकटवायला किंवा रंगवायला घेतली तर ॲरल्डाइट धरणार नाही. गिऱ्हाईक मग तुलाच बोलणार. आगीतून फुफाट्यात!

पाणी हवंच असेल तर पंपाच्या भानगडीत पडू नकोस. उथळ ट्रे घे, तळाला जाड प्लास्टिकची शीट टाक, त्यावर जॉब पक्का कर आणि वर काही मिलिमीटर साधं पाणी ठेव. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाक, म्हणजे पूड पाण्यावर तरंगत न राहता भिजते. छोट्या प्लेट्ससाठी ही युक्ती झकास आहे. फक्त स्पिंडल हवेवर थंड होणारा असेल तर त्याचा पंखा खालीच फुंकतो आणि पाणी सगळीकडे उडतं. काम झालं की पाणी रात्रभर निवळू दे, वरचं पुढच्या जॉबला वापर, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांध. ट्रेमध्ये वाळू दिलास तर तीच धूळ पुन्हा तुझ्यासमोर. गटारात तर अजिबात ओतू नकोस, आणि कूलंट मिसळलेला गाळ घातक कचरा उचलायची परवानगी असलेल्यालाच दे.

माझं विचारशील तर मोठ्या शीटला कोरडंच काम बरं, पण धूळ कटरपाशीच ओढायची. इथे लोक फसतात. मोठा व्हॅक्यूम आणतात आणि पाइप वीतभर लांब टांगतात. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलीस की हवेचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे दोन इंची पाइप असेल तर दोन इंचांवरच खेळ खलास. म्हणून स्पिंडलभोवती ब्रशची झालर बसव, तिच्या केसांची टोकं शीटला टेकली पाहिजेत. फॅक्टरीज ॲक्टच्या १४व्या कलमात १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं की धूळ जिथे तयार होते त्याच्या शक्य तितकं जवळून ती ओढून घ्या.

व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा आणि आत पिशवीवाला घे. घरचा जुना नको. तो बारीक पूड मागून खोलीतच सोडतो आणि त्याच्या मोटरमध्येही कार्बन जातो. ग्राइंडरच्या ठिणग्याही त्याच व्हॅक्यूमने ओढू नकोस, आत सुकी पूड असते, पेट घेईल.

आणि फीड! नव्या मशीनवर माणूस घाबरून फीड कमी ठेवतो. त्याने कटर कापत नाही, घासतो. पीठ पडतं, रेझिन तापतं, कडेचे थर सुटतात. फीड थोडं वाढव, आरपीएम उतरव, पूड जरा जाडसर पडेल आणि ती ओढायलाही सोपी. हाय स्पीड स्टीलचा कटर यात टिकतच नाही, कार्बाइड घे, जमलं तर डायमंड कोटिंगचा. कडेला तंतूंचे केस दिसायला लागले की कटर गेला समज, "अजून दोन प्लेट निघतील" करू नकोस.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२, चेहऱ्याला घट्ट बसणारा. हेल्पर पोरगा दाढी ठेवत असेल तर मास्क बसणार नाही, त्याला स्पष्ट सांग. गाळ्यातले कपडे घरी बाकीच्यांबरोबर धुवायला टाकू नकोस, घरात लहान मूल आहे.

एक राहिलंच, एअर गन. पोरांना जॉबवर हवा मारायची भारी हौस. दिवसभर धरलेली सगळी धूळ एका फुंकरीत उडते. ओल्या फडक्याने पुसायची सवय लाव, आणि एअर गनची नळी राउटरपर्यंत पोचणारच नाही इतकी आखूड कर. दोन दिवस कुरकुर करतील, करू दे.