लेस्टरचे जेवण कुणासाठी शिजते?

लेस्टरला जेवायला कुठे जायचे, असे विचारले की लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी मंडळींकडून दोन ठरलेली उत्तरे येतात. एक, बेलग्रेव्ह रोडला जा, पण तिथे सगळे गुजराती, डाळ गोड लागेल. दुसरे, इंग्लंडात येऊन ढोकळा कसला खाता, सरळ एखाद्या पबात जा. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. या शहरात चांगले जेवण शोधताना पदार्थ कुठल्या प्रांताचा हे नंतर बघावे; आधी बघावे ते हे, की शिजवणाऱ्याने गिऱ्हाईक म्हणून कोण डोळ्यांपुढे धरला आहे. ज्या हॉटेलात येणाऱ्याला तो पदार्थ घरचा असतो, तिथल्या आचाऱ्याला हात ढिला सोडता येत नाही. कढी फुटली तर पलीकडच्या टेबलावरच्या काकू लगेच बोलून दाखवतात. लेस्टरमध्ये अशी हॉटेले इंग्लंडातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त आहेत, आणि ती का आहेत हे कळले की कुठे काय मागवावे हेही आपोआप कळते.

याच्या उलट टोकाला ब्रिटनचे नेहमीचे ‘करी हाऊस’ आहे. १८१० साली पाटण्याच्या दीन महोमेद यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी पद्धतीच्या जेवणाचे पहिले ठिकाण काढले, ते भारतातून परतलेल्या साहेबलोकांसाठी. दोनेक वर्षांत त्यांचे दिवाळे वाजले. पुढे विसाव्या शतकात हा धंदा पसरला तो मुख्यतः सिल्हेटकडच्या लोकांच्या हातून, आणि त्यांचे गिऱ्हाईक होते पबातून उशिरा बाहेर पडणारे इंग्रज. एकच मूळ रस्सा आधी करून ठेवायचा आणि त्यावरून कोर्मा, मद्रास, विंदालू अशी तिखटपणाची शिडी उभी करायची, ही त्यांची युक्ती. विंदालूचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गोव्याच्या घरांत तो व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा आंबट, मुरलेला पदार्थ. करी हाऊसमध्ये तो बियर पिणाऱ्याच्या मर्दुमकीची परीक्षा झाला आणि वर त्यात बटाटा आला. यात सिल्हेटी आचाऱ्याला दोष देणे बरोबर नाही. समोरचा माणूस ज्यासाठी पैसे मोजत होता तेच त्याने दिले, आणि त्यावर हजारो कुटुंबे उभी राहिली. पण गोवेकराने तो विंदालू मागवून नंतर कपाळाला हात लावू नये, कारण तो त्याच्यासाठी केलेलाच नव्हता.

लेस्टरचे गणित वेगळे पडले ते पूर्व आफ्रिकेमुळे. साठच्या दशकाच्या अखेरीस केनियातून, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत दिल्यावर युगांडातून, तिथले भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन निघाले. युगांडातून सुमारे २७-२८ हजार माणसे ब्रिटनला आली, बहुतेकांच्या खिशात जेमतेम पन्नासेक पौंड. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती, की आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने अपुरे पडत आहेत, तुमच्याच हिताचे म्हणून इकडे येऊ नका. लोक आलेच. नातलग आधीच इथे होते, होजिअरी आणि बुटांच्या कारखान्यांत हाताला काम होते, आणि बेलग्रेव्ह भागातली जुनी, एकमेकींना चिकटलेली विटांची घरे स्वस्तात मिळत होती. दुकानेही रिकामी पडलेली होती. त्यांत किराणा आला, मग साड्या, सोनार आणि फरसाण, आणि त्या रस्त्याला ‘गोल्डन माइल’ म्हणू लागले. ‘बॉबीज’ हे शाकाहारी हॉटेल १९७६ साली सुरू झाले, नाव राज कपूरच्या चित्रपटावरून. ही दुकाने काढणाऱ्यांना इंग्रज गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतच राहत होते, कारखान्याची पाळी संपवून येत होते आणि कंपालात गाठिया कसा मिळायचा हे त्याच्या पक्के लक्षात होते. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरच्या सुमारे ३ लाख ६८ हजार वस्तीपैकी ४३ टक्के लोकांनी आपले मूळ आशियाई असल्याचे नोंदवले. एवढा जाणकार खवय्या एका गावात असला की हॉटेलवाल्याला तिखटाची शिडी मांडून भागत नाही. या गिऱ्हाइकाची धार किती, याचा अंदाज १ मे २०१४ ला आला. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, तेव्हा लेस्टरच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि इथले तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी हापूसचा प्रश्न थेट पंतप्रधानांपर्यंत नेला. बंदी पुढल्या वर्षी जानेवारीत उठली.

बेलग्रेव्ह रोडवर काय मागवावे, तर मोगो. हा कसावा, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कंद आधी उकडायचा, मधली दोरीसारखी शीर काढून टाकायची, बोटभर जाडीचे तुकडे करायचे आणि कडक तळायचे. बाहेरचा पापुद्रा बटाट्याच्या चिप्सपेक्षा कडक, कुरकुरीत नव्हे तर कडकच. आत मात्र पिठूळ आणि जराशा तंतूंचा. वरून मीठ, लाल तिखट, लिंबू, नाहीतर चिंचेच्या चटणीत किंवा लसूण-मिरचीत परतलेला. अहमदाबादेत हा पदार्थ सहसा मिळत नाही, मुंबईतही नाही. तो मोंबासा आणि कंपालाच्या गुजराती घरांनी आफ्रिकेतल्या कंदावर आपला हात चालवून केलेला आहे. म्हणून ‘सगळे गुजराती आहे’ हे म्हणणे पुरते खरे नाही. ते दोनदा स्थलांतर केलेले गुजराती आहे, आणि दुसऱ्या स्थलांतराची चव पहिल्याइतकीच त्यात उतरली आहे. हिवाळ्यात आलात तर उंधियूही विचारून पाहा. थाळीतली डाळ गोड लागते, हे मात्र मान्य. तिच्यात गूळ आहे आणि तो राहणार. ज्याला तो सोसत नाही त्याने कढी घ्यावी... अर्थात तीही जराशी गोडच.

आता आपल्या लोकांचा खरा आक्षेप. इतक्या मोठ्या भारतीय वस्तीत मराठी जेवण का नाही? पावभाजी मिळते, वडापाव मिळतो, पण तो मुंबईचा म्हणून. थालीपीठ, भरली वांगी, कोंबडी-वडे कुठल्या फलकावर सहज दिसत नाहीत. याचे खापर कुणी मराठी माणसाच्या धंद्यातल्या आळसावर फोडतो, कुणी आपल्या पदार्थांना ‘प्रेझेंटेशन’ नाही म्हणतो. दोन्ही कारणे मला पटत नाहीत. ब्रिटनमध्ये आलेला मराठी माणूस बहुतांशी शिक्षणासाठी आला, किंवा सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून, पुढे अभियंता आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून. त्याच्या हाती नियुक्तिपत्र होते. कंपालाहून आलेल्या दुकानदाराची सगळी पुंजी मागे राहिली होती आणि धंदा सोडून दुसरे फारसे येत नव्हते. त्याने पुन्हा दुकान थाटले. शिवाय नोकरीवाला मराठी माणूस जिथे बदली तिथे गेला, एका गल्लीत दोनशे घरे अशी त्याची वस्ती झालीच नाही, आणि रोज संध्याकाळी येणारे जाणकार गिऱ्हाईक नसेल तर भरल्या वांग्यांचे हॉटेल चालत नाही. त्यामुळे आपले जेवण घरात आणि मंडळात राहिले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, आणि गणपतीत, संक्रांतीला, कोजागिरीला देशभरच्या मंडळांत जी पंगत बसते तीच इथली मराठी खानावळ. पंगतीलाही माझा तोच निकष लागू पडतो: ती ओळखीच्या माणसांसाठी शिजते, म्हणून आमटीत पाणी वाढले की त्याच दिवशी कळते.

‘इंग्लंडात आलोय, इंग्रजी खाऊ’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा वाजवी आहे. त्यांनीही हाच निकष लावावा. बेलग्रेव्ह रोड पुढे मेल्टन रोड होतो, आणि मेल्टन रोडने तसेच सरळ जात राहिले की सुमारे १५ मैलांवर मेल्टन मोब्रे येते. एका टोकाला मोगो, दुसऱ्या टोकाला पोर्क पाय. या भागात गाईच्या दुधाचे चीज होत असे, त्यातून उरलेल्या निवळीवर डुकरे पोसली जात, आणि कोल्ह्याच्या शिकारीला निघालेल्या स्वारांना खिशात टाकून नेता येईल असे काही हवे असे. त्यातून हा पाय घडला. कढत पाण्यात मळलेल्या जाड पिठाची वाटी हाताने उभी करायची, साच्याच्या आधाराशिवाय भाजायची, म्हणून तिची पोटे बाहेर आलेली असतात. आतले मांस खारवलेले नसल्याने करडे दिसते, गुलाबी नाही, आणि कवच व मांस यांच्यामधल्या फटीत हाडांच्या अर्काची जेली ओतलेली असते. तो थंडच खातात. नावाला २००९ पासून युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळाले. स्टिल्टन चीजचीही तशीच गंमत: ते लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या तीनच परगण्यांत करता येते, खुद्द स्टिल्टन गावात नाही, कारण ते गाव चौथ्या परगण्यात आहे. रेड लेस्टर चीजचा केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. आणि देशभर गेलेले वॉकर्सचे बटाटा वेफर्स ही एका खाटकाची सोय: दुसऱ्या महायुद्धानंतर मांस रेशनवर होते, दुकानात विकायला पुरेसे मांस नाही, म्हणून लेस्टरच्या वॉकर कंपनीने १९४८ मध्ये बटाटे तळायला घेतले. यातला एकही पदार्थ परक्याला भुरळ पाडण्यासाठी झालेला नाही. म्हणून स्टेशनजवळ ‘ट्रॅडिशनल ब्रिटिश’ अशी मोठी पाटी लावलेल्या ठिकाणापेक्षा, जिथे रविवारी दुपारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन रोस्ट खायला बसले आहेत, तो पब निवडावा.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्याच माणसांसाठी चालणारे हॉटेल साचते. सत्तरच्या दशकातली चव ते मुरंब्यासारखी जपते. शिवाय तिथला स्वस्तपणा बऱ्याचदा घरच्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, न मोजलेल्या कष्टांवर उभा होता. हे खरे आहे. सासू-सुनांनी पहाटे उठून पातरा वळायचा आणि गल्ल्यावर मुलाने बसायचे, ही व्यवस्था पुढची पिढी फार्मासिस्ट आणि अकाउंटंट झाल्यावर टिकणार नव्हतीच. आता पगारी आचारी ठेवावा लागतो आणि भाव वाढतात. पण म्हणून चव साचली असे दिसत नाही, कारण गिऱ्हाईकही बदलले. दक्षिणेकडून नव्याने आलेल्यांमुळे डोसा आणि केरळी जेवण वाढले. इंडो-चायनीज तर आता फरसाणाइतके रुळले आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला नार्बरो रोड आहे; २०१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांना या एका रस्त्यावर वीसहून अधिक देशांत जन्मलेले दुकानदार आढळले. तिथेही माझा सल्ला तोच. आत डोकावून पाहा. हॉटेलवाल्याच्या भाषेत बोलणारी माणसे जेवताना दिसली की खुशाल बसा.

थोडे कामाचे. दारावर ० ते ५ असा स्वच्छतेचा गुण चिकटवलेला दिसेल. इंग्लंडात तो लावण्याची सक्ती नाही, पण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर कुठल्याही हॉटेलचा बघता येतो. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितल्यास नळाचे पाणी फुकट द्यावेच लागते, तेव्हा संकोच नको. मेनूवरच्या किमतीत व्हॅट धरलेला असतो; बिलात वेगळे सर्व्हिस चार्ज लावले असेल तर ते सहसा ऐच्छिक असते. बऱ्याच पबांत काउंटरवर जाऊन टेबलाचा नंबर सांगून जेवण मागवायचे असते, आणि दुपारी स्वयंपाकघर काही तास बंद असू शकते. शाकाहारींनी दोन गोष्टी विचाराव्यात: चीजमध्ये वासराचे रेनेट आहे का, आणि चिप्स गाईच्या चरबीत तळल्या आहेत का. यॉर्कशर पुडिंगचा तर प्रश्नच नाही, त्यात अंडे असतेच. बेलग्रेव्ह रोडवर कांदा-लसूण नसलेले जेवण मात्र ‘जैन’ एवढे म्हटले की मिळते.

शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर मोठ्या गटाला जागा मिळणे अवघड जाते, म्हणून दहा-बारा जण असाल तर आधी फोन करून टेबल राखून ठेवा. आणि बसल्यावर मेनूकार्ड जरा बाजूला ठेवून वाढणाऱ्या बहेनना हिंदीत किंवा मोडक्या गुजरातीत विचारा, की आज घरच्यांसाठी काय केले आहे, तेच मागवा.