‘जर असे झाले असते तर’: प्रारब्ध आणि आत्मस्वातंत्र्य



आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘जर’ या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. दिल्लीची बदली स्वीकारली नसती, तर आईच्या शेवटच्या दिवसांत जवळ असतो. त्या रात्री दुसऱ्या रुग्णालयात नेले असते, तर ते वाचले असते. अभ्यासवर्गात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. वर्ग संपल्यावर, चपला घालता घालता विचारतात. म्हणून आज तोच अभ्यासाला घेऊ. जे झाले, ते वेगळे होऊ शकले असते का?

‘सगळे ठरलेलेच होते’ हे उत्तर दुःखावर झाकण घालते. ‘सगळे तुझ्याच हातात होते’ हे उत्तर आधीच वाकलेल्या माणसावर आणखी ओझे टाकते. दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून एक जुनी घटना पाहा.

दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरवर, पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. ते पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे सांगितले जाते. ती गोळी चुकली असती तर? डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा याच प्रश्नावर रचली. (ही कथा अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आली, आपल्या मुलांनी ती शाळेत वाचली असेल, त्यांना जरूर विचारा.) कथेत गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो.

कथाकाराला ती मोकळीक आहे. आपण मात्र जरा थांबू. ‘जर’ म्हणताना आपण एकच खडा हलवतो आणि बाकीचे सारे विसरतो. त्या सकाळी फौज उपाशी होती. दोन महिन्यांहून अधिक काळ छावणी कोंडलेली होती, आणि बरोबर यात्रेकरू व बायकामुलेही होती. गोळी चुकली तरी हे सारे तेथेच होते. शिवाय ती गोळी भाऊंच्या हातात नव्हती. हत्तीवरून उतरणे मात्र होते. पण डोळ्यांदेखत पुतण्या पडला असताना, भाऊ जसे होते तसेच असताना, ते उतरल्याशिवाय राहिले असते का? येथे प्रश्न खरा अवघड होतो, कारण आता बंधन बाहेरचे नाही, स्वभावाचे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हीच अडचण आहे. ५९ आणि ६० व्या श्लोकांत श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, तू नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावील. आणि ६३ व्या श्लोकात तेच सांगतात की, या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. स्वभावच सर्व काही करवून घेत असता, तर हे सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. या दोहोंमधला दुवा ‘विचार कर’ हा आहे.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्यांनी मथळ्यात ‘इच्छास्वातंत्र्य’ म्हटले नाही, हे पाहण्यासारखे आहे. इच्छा मनाची, मन प्रकृतीचे. मग ती स्वतंत्र कशी? स्वातंत्र्य आहे ते आत्म्याचे, आणि ते मनबुद्धीला योग्य दिशेला वळण्याची प्रेरणा देते. कर्माचेही ते मुख्यतः दोनच भाग मानतात: ज्याचे फळ सुरू झाले ते, आणि ज्याचे अजून सुरू झालेले नाही ते. पहिले भोगूनच संपते. हे लिहिणारा माणूस त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होता. पुढे १९१२ मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते मंडालेतच होते. ‘शेवटी जवळ नव्हतो’ हे त्यांच्याही वाट्याला आले.

आता आपल्या ‘जर’कडे वळू. त्या रात्री रुग्णवाहिकेची वाट पाहताना आपल्याजवळ आजचे ज्ञान नव्हते. ‘जर’ आजचे ज्ञान त्या रात्रीच्या माणसाला उसने देतो आणि मग ते वापरले नाही म्हणून त्यालाच शिक्षा करतो. हा न्याय नव्हे. कधी हयगय खरोखर झालेली असते. तेव्हा ‘प्रारब्ध’ म्हणून ती झाकू नये. झालेल्या कृतीचे फळ सुरू झाले आहे, पण तिच्यामुळे दुखावलेल्या भावंडाला आज फोन करायचा की नाही, हे अजून सुरू झालेले नाही.

आणखी एक. प्रारब्ध हा शब्द फार तर स्वतःच्या दुःखापुरता वापरावा. शेजारच्या ब्लॉकमधील विधवेला ‘तुझे प्रारब्ध’ म्हणून निघून जाणे हा सिद्धांताचा गैरवापर आहे. तिच्याकडे रात्रीचा डबा पोहोचवणे आपल्या हातात असते.

या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी अठराव्या अध्यायातील ५९ ते ६३ हे श्लोक सलग वाचावेत, मधले दोन गाळू नयेत. मग आपला एक ‘जर’ वहीत लिहावा आणि त्याखाली दोन गोष्टी नोंदवाव्यात: त्या वेळी मला खरोखर काय माहीत होते, आणि त्यातले काय अजून सुरू झालेले नाही. ही वही वर्गात दाखवायची नाही.