पित्त म्हणून सोडून देऊ नकोस

अगं, सासूबाई बीपीची गोळी फक्त डोकं दुखलं की घेतात, हे तू काल हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही. इतकी वर्षं कॅज्युअल्टीत नर्स म्हणून काढली, त्यातली एक गोष्ट तुला आज सांगूनच टाकते.

हृदयातून निघते ती शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी. डॉक्टर तिला एऑर्टा म्हणतात. तिच्या भिंतीला तीन थर असतात. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की भिंत कमजोर होते, एखाद्या दिवशी आतला थर फाटतो आणि रक्त थरांमध्ये शिरतं. कोटाचं अस्तर उसवत जावं तशी भिंत उसवत जाते. हे डिसेक्शन. बाहेरचा थरही फुटला तर खेळ काही मिनिटांचा. वर्षाला लाखात तीन-चार जणांनाच हे होतं, म्हणून चटकन कुणाच्या डोक्यातही येत नाही.

अटॅकचं दुखणं बहुधा वाढत जातं, छातीवर दडपण आल्यासारखं. हे तसं नाही. पहिल्याच क्षणी असह्य. 'आत काहीतरी फाटलं' असं कितीतरी पेशंट सांगतात. कळ पाठीत, खांद्यांच्या मधोमध जाते, कधी पोटात उतरते. एखाद्याचा हात नाहीतर पाय बधिर होतो. आणि आपल्या बायका काय म्हणतात? "पित्त झालंय गं, जरा आलं-लिंबू घेते." ऐकायचं नाही. सरळ १०८ला फोन लाव.

हॉस्पिटलात 'छातीत दुखतंय' एवढ्यावर थांबू नकोस. कळ केव्हा आली, कुठून कुठे गेली, बीपी आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, सगळं सांग. ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, एक्स-रेसुद्धा. आणि अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तर इथे ते जिवावर बेततं. शंका आली की दोन्ही हातांचं बीपी बघतात. वीसहून जास्त फरक असेल तर संशय बळावतो. खात्री होते ती सीटी अँजिओने. "डॉक्टर, एऑर्टाचं तर नाही ना?" एवढं विचार. वाद घालू नकोस, पण विचारायला लाजूही नकोस.

हृदयालगतचा भाग फाटला असेल तर लगेच ऑपरेशन. पहिले दोन दिवस तासाला एक-दोन टक्के जीव जातात, असं आम्हाला शिकवलं. हार्ट-लंग मशीनवर घेऊन तो भाग काढतात आणि डेक्रॉनची नळी शिवतात. फक्त खालचा भाग फाटला असेल तर आयसीयूत सलाइनमधून औषधं देऊन बीपी आणि नाडी खाली आणतात. गरज पडली तर जांघेतून आवरण असलेला स्टेंट सरकवतात.

डेक्रॉनची ती नळी आणली ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डीबेकींनी. सुरुवातीच्या नळ्या त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या. ३१ डिसेंबर २००५ला, वयाच्या ९७व्या वर्षी, हीच कळ त्यांच्या स्वतःच्या छातीत आली. त्यांनाही आधी अटॅकच वाटला! फेब्रुवारी २००६मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं आणि ते २००८पर्यंत जगले.

आता तुझ्या नणंदेचं. ताडमाड उंची, लांबसडक बोटं, डोळ्यातलं भिंग सरकलेलं, आणि वडील ऐन पस्तिशीत गेलेले. मार्फन नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात महाधमनी रुंदावत जाते आणि गरोदरपणात फाटायचा धोका वाढतो. बाळाचा विचार करायच्या आधी तिने हृदयाचा इको करून घ्यायलाच हवा. चारचौघांत नको, दिवाळीला माहेरी आली की एकटीला गाठून सांग. आणि तुझ्या नवऱ्याचाही इको होऊ दे. उंचीने बेताचा आहे म्हणून सुटला असं नाही, वडील दोघांचे एकच.