आज्ञाधारक पाटी

डोंबिवलीतील इमारतींच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात. पंप वेळेवर बंद केला नाही, तर टाकी भरून वाहते आणि स्वच्छ पाणी गटारात जाते. हे पाणी उल्हास नदीचे. ठाणे शहराचे बरेचसे पाणी शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. मग वाहून जाणाऱ्या पाण्याकडे आपण डोळेझाक करावी काय?

मुलांनो, या कामी एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पाटी तुमच्या मदतीस येऊ शकते. तिचे नाव आर्डुइनो. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी मास्सिमो बांझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली आणि तिची रचना सर्वांना खुली ठेवली. संगणकावर लिहिलेल्या आज्ञा तारेवाटे तिच्यात उतरविल्या, की ती त्या पुनःपुन्हा पाळत राहते. अनेक शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत सहावी ते बारावीचे विद्यार्थी अशा पाट्या हाताळतात.

टाकीच्या वरच्या कडेशी दोन तारांची उघडी टोके थोड्या अंतरावर बसवावीत. पाणी दोन्ही टोकांना भिडले, की त्यातून अत्यल्प वीज वाहते. पाटीला ते कळते व ती घंटी वाजविते. कृती सोपी वाटते. परंतु खरी परीक्षा पुढेच आहे. पाण्याची एक लाट उसळली, तरी घंटी वाजते. वीज सतत वाहत राहिली, तर तारांची टोके झिजतात आणि काही दिवसांनी टाकी भरली तरी घंटी मुकीच राहते. यात पाटीचा दोष नाही. तिला दिलेली आज्ञा तिने तंतोतंत पाळली. आज्ञाच अपुरी होती. म्हणून तिला असे सांगावे : "दर दोन सेकंदांनी क्षणभरच वीज सोड, पाणी आहे का पाहा, वीज बंद कर. सलग पाच वेळा पाणी आढळले, तरच घंटी वाजव."

हा प्रयोग शाळेत बादली व लहान बॅटरी घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. पंपास व घरातील विजेस मुळीच हात लावू नये.

या पाटीतील घड्याळाचे एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके पडतात. एवढी ती चपळ. तरीही पाणी कोणासाठी वाचवावयाचे, हे तिला ठाऊक नसते. तो विचार आपणच करावयाचा असतो.

स्वाध्याय
१. टाकी भरूनही घंटी मुकी का राहते?
२. सलग पाच वेळा पाणी पाहण्याची आज्ञा का द्यावी?
३. तुमच्या घरी पाणी कोठून येते? वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.